कृपाबाई : नगरची मुलगी, मद्रासचा जोडीदार



संमेलनात जमलो की गप्पा शेवटी कोणाचं लग्न कसं जमलं यावर येतातच. म्हणून स्मरणिकेसाठी मी असंच एक लग्न निवडलं. मात्र ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे.

कृपाबाईंचा जन्म १८६२ साली अहमदनगरला झाला. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे मुंबई इलाख्यातल्या सुरुवातीच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांपैकी. हरिपंतांनी धर्म बदलला, त्यात राधाबाईंना कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यामागून त्या गेल्या, पण जुने आचार त्यांच्याकडून सहज सुटले नाहीत. वडील लवकर गेले. थोरला भाऊ भास्कर कृपाबाईंना पुस्तकं वाचून दाखवी, आपल्या बरोबरीची समजून चर्चा करी. तोही तरुणपणीच गेला. या मुलीला वाचनाची गोडी लागली ती त्याच्यामुळे.

मुंबईच्या मिशन शाळेत शिकताना त्यांना डॉक्टर व्हावंसं वाटू लागलं. विलायतेला जाण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळत होती, पण प्रकृती तोळामासा असल्यामुळे तो बेत रद्द झाला. त्याऐवजी १८७८ मध्ये त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. बदलापूरहून लोकलने मुंबईला कॉलेजला जायचं म्हटलं तरी आपल्या घरी किती चर्चा व्हायची, ते आठवून पाहा!

परक्या शहरात, परक्या भाषेत, एकट्या मुलीने राहायचं कुठे? तिथे ख्रिस्ती मंडळींचा गोतावळा कामी आला. चिंताद्रीपेटच्या चर्चचे पाळक रेव्हरंड सत्यनाथन यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं. हे घर मुलींच्या शाळा चालवणारं होतं. पहिल्या वर्षी कृपाबाईंनी उत्तम यश मिळवलं, पण तब्येत ढासळली आणि डॉक्टरकी सुटली. त्या पुण्याला बहिणीकडे गेल्या.

प्रकृती सुधारल्यावर त्या पुन्हा मद्रासला आल्या. रेव्हरंडांचा मुलगा सॅम्युएल केंब्रिजला शिकून आला होता. त्याची मातृभाषा तमिळ, हिची मराठी. दोघांना जोडणाऱ्या गोष्टी होत्या चर्च, इंग्रजी आणि पुस्तकं. भास्कर गेल्यानंतर आपल्याशी बरोबरीने बोलणारं माणूस कृपाबाईंना पुन्हा भेटलं. १८८३ मध्ये त्यांचं लग्न झालं. आईच्या पिढीत नवऱ्याच्या निर्णयामागे निमूट जावं लागलं होतं. लेकीने जोडीदार ओळखून, पारखून निवडला. एका पिढीत एवढं अंतर पडलं, हे मला फार मोठं वाटतं.

सॅम्युएल उटीला शाळेचे मुख्याध्यापक झाले. तिथे कृपाबाईंनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली आणि निलगिरीतल्या तोडा लोकांवर लेख लिहून लेखनाला सुरुवात केली. पुढे राजमहेंद्री, कुंभकोणम असा बदल्यांचा संसार करून दोघं मद्रासला स्थिरावले. १८८७-८८ मध्ये मासिकातून त्यांची ‘सगुणा’ क्रमशः प्रसिद्ध झाली. स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेली ही कादंबरी. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

सुख फार टिकलं नाही. एकुलतं एक बाळ वर्षाचं व्हायच्या आतच गेलं. आजारपण पाठ सोडत नव्हतं. तशातच त्यांनी ‘कमला’ ही दुसरी कादंबरी लिहिली. १८९४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या.

त्यांच्या स्मरणार्थ मद्रास मेडिकल कॉलेजात विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्या कॉलेजातलं शिक्षण त्यांना अर्धवट सोडावं लागलं, तिथेच त्यांच्या नावाने दुसऱ्या मुली शिकल्या. आपल्या लेकींना, भाच्यांना आणि सुनांना कृपाबाईंची ही गोष्ट जरूर सांगा.