हिरवळीचा राखणदार

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावी १८२१ साली टॉम मॉरिसचा जन्म झाला. चामड्यात पिसे भरून गोल्फचे चेंडू शिवण्याची विद्या तो अ‍ॅलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूच्या हाताखाली शिकला. पुढे झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू निघाले. रॉबर्टसनला ते धंद्याचे वैरी वाटले. टॉम त्या चेंडूने खेळला, म्हणून दोघांचे बिनसले. १८५१ साली टॉम प्रेस्टविकला गेला. तेथील वाळूच्या टेकड्यांतून त्याने बारा खळग्यांचे मैदान आखले. १८६१ ते १८६७ या काळात खुली स्पर्धा त्याने चार वेळा जिंकली. सेंट अँड्र्यूजने त्याला सन्मानाने परत बोलाविले. वाळू पसरल्याने हिरवळ सुधारते, हे त्याने ओळखले. १८७५ साली त्याचा विजेता पुत्र टॉमी ऐन तारुण्यात वारला. तरीही १९०३ पर्यंत टॉमने मैदान राखले. १९०८ साली तो निवर्तला. त्या मैदानाचा अठरावा खळगा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.