सांगलीचा पहिला प्रोड्युसर

सातारा असो की सांगली, तुमच्या कॉलेजात असा एक तरी जण असतोच, जो हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर बीट्स बनवतो. जुन्या गाण्याचा चार सेकंदांचा तुकडा उचलायचा, कापायचा, लूप करायचा, खाली ड्रम्स टाकायचे. आणि त्याला कधी ना कधी ऐकून घ्यावं लागतं, की यात तुझं काय? सगळं तर ढापलेलं! पुढच्या वेळी असं कुणी म्हणालं, तर त्याला विष्णुदास भाव्यांची गोष्ट सांगा.

हे नाव तुम्ही सांगलीच्या नाट्यमंदिरावर वाचलेलं असेल. विष्णू अमृत भावे हे त्यांचं मूळ नाव. वडील सांगलीच्या पटवर्धनांच्या पदरी होते. विष्णूला नाद होता तो गोष्टी रचायचा, कविता करायचा आणि हातांनी काहीबाही बनवायचा. त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढे शंभरहून जास्त वर्षांनी रामदास पाध्यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या, इतकं ते काम पक्कं होतं.

1842च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचा खेळ यक्षगानाच्या वळणाचा. एक मुख्य गायक कथा गाणार, बाकीचे सोंगं घेऊन नाचणार, राक्षस आरडाओरडा करत येणार. राजे चिंतामणराव आप्पासाहेबांना खेळ भावला, पण थोडा ओबडधोबडही वाटला. असंच काही मराठीत, जरा नीटनेटकं करता येईल का, असं त्यांनी तरुण विष्णूला विचारलं.

आता बघा, विष्णूनं काय केलं. खेळाचा साचा उचलला. कथा गाणारा गायक ठेवला, तो झाला सूत्रधार. विदूषक ठेवला, राक्षसांचा दणदणाट ठेवला. भाषा मात्र बदलली, मराठी पदं स्वतः रचली आणि नको तो पसारा कापून टाकला. मग पोरं जमवली, त्यांना शिकवलं, सोंगं आणि कपडे ठरवले, तालमी घेतल्या. पदांच्या मधले संवाद लिहिलेले नसायचे. नट ते जागच्या जागी बोलायचे, आजच्या भाषेत फ्रीस्टाइल! 5 नोव्हेंबर 1843 रोजी राजांसमोर ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं.

इथवर राजाचं पाठबळ होतं. 1851मध्ये आप्पासाहेब गेले आणि ते सुटलं. मंडळी पोसायची कशी? विष्णुदास खेळ घेऊन गावोगाव फिरले. 1853मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. पदं रचणारे तेच, सूत्रधार तेच, बसवणारे तेच आणि नुकसान झालं तर सोसणारेही तेच.

आता जरा न्यूयॉर्कला जाऊ. 1973मध्ये ब्रॉन्क्समधल्या एका पार्टीत डीजे कूल हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या आणि लोकांना सगळ्यात जास्त नाचवणारा तालाचा तुकडा लांबवत नेला. तुकडा दुसऱ्याचा होता. पण नेमका तोच ऐकणारा कान आणि तो कुठं, किती वेळ वाजवायचा हा निर्णय हर्कचा होता. प्रोड्युसरचं काम इथं सुरू होतं. प्रत्येक आवाज त्यानंच काढलेला असावा असं नाही, पण अख्ख्या गाण्याची जबाबदारी त्याची असते.

त्या जबाबदारीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे ज्याचं घेतलं त्याचं नाव घेणं. अमेरिकेत 1991मध्ये बिझ मार्कीच्या गाण्यावरून कोर्टानं दणका दिला, तेव्हापासून सॅम्पल वापरण्याआधी परवानगी काढणं मोठ्या कंपन्यांना भागच पडलं. विष्णुदासांवर असा कुठला कायदा नव्हता. तरीही 1885मध्ये त्यांनी आपली नाट्यपदं छापली, तेव्हा हे सगळं भागवतांच्या खेळावरून कसं सुचलं, ते स्वतःच सांगून टाकलं. लपवलं असतं, तर कुणी विचारायला आलं नसतं.

त्यांचा साचाही पुढे इतरांनी उचलला. गावोगावी तशाच नाटकमंडळ्या निघाल्या. 1880मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं, त्यात पदं सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांना दिली. 1901मध्ये विष्णुदास गेले, त्याआधी हा बदल त्यांच्या हयातीतच झाला होता.

5 नोव्हेंबर आज मराठी रंगभूमी दिन आहे. त्या दिवशी सांगलीत विष्णुदासांच्या नावाचं पदक ज्येष्ठ रंगकर्मींना दिलं जातं. तेव्हा तुमच्या त्या बीटवाल्या मित्राला ढापलंस का, असं विचारू नका. त्यापेक्षा तुकडा कुणाचा घेतलास आणि त्याचं पुढे काय केलंस, ते विचारा. दोन्हींची उत्तरं त्याला देता आली, तर तो प्रोड्युसर आहे.