सावित्रीमाईंच्या लेकींच्या हाती पुस्तक आहे का?

दरवर्षी ३ जानेवारी आली की आपल्या वस्त्यांमध्ये क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, लहान मुलींना नऊवारी नेसवून सावित्रीमाईंच्या वेशात उभे केले जाते. हे सारे योग्यच आहे. परंतु कार्यक्रम संपवून घरी आलेली हीच मुलगी एखादे गोष्टीचे पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली, तर काय होते? अभ्यास सोडून हे काय वाचतेस, म्हणून तिला दरडावले जाते किंवा आधी पाणी भर, भांडी घास, असे सांगितले जाते. म्हणूनच सावित्रीमाईंचे जीवन पुस्तकाच्या अंगाने पुन्हा एकदा समजून घेणे गरजेचे आहे.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. त्यांच्या बालपणाची एक हकिगत सांगितली जाते. शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने या चिमुरडीला एक पुस्तक दिले. तिला वाचता येत नव्हते. घरी येताच वडिलांनी ते पुस्तक फेकून दिले. मुलीने मात्र ते गुपचूप उचलून जपून ठेवले आणि लग्न होऊन पुण्याला जाताना सोबत नेले. म्हणजे अक्षर कळण्याआधीच तिला पुस्तकाची ओढ लागलेली होती. ही ओढ कुणी तिच्यावर लादलेली नव्हती.

१८४० साली जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. जोतीरावांनी त्यांना व सगुणाबाईंना शिकवले. पुढे अहमदनगर व पुणे येथे सावित्रीमाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. बाईने लिहिले-वाचले तर नवऱ्याच्या ताटातील अन्नात अळ्या होतात, अशी भीती घालणारा तो काळ. मनुवादी व्यवस्थेने शूद्रातिशूद्रांना आणि सर्व जातींतील स्त्रियांना ज्ञानापासून तोडलेले होते. शाळेत जाताना सावित्रीमाईंवर शेणमाती फेकली गेली. त्या सोबत दुसरे लुगडे नेत आणि शाळेत गेल्यावर ते बदलून शिकवायला उभ्या राहत. १८४९ साली या दांपत्याला घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. शिकवण्याच्या कामात फातिमा शेख त्यांच्या सोबतीला आल्या.

या शाळांनी काय घडवले, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. मातंग समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदय या पत्रात छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांच्या आसपासची होती. वेद जर ब्राह्मणांच्याच मालकीचे असतील, तर आम्हाला ग्रंथच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा जाब तिने विचारला. याच मुक्ताबद्दल असेही सांगितले जाते की, बक्षीस समारंभात तिने साहेबाकडे खेळणी-खाऊ नको, शाळेसाठी ग्रंथालय द्या, अशी मागणी केली. जिच्या समाजाला पुस्तकाला हात लावण्याची बंदी होती, ती मुलगी एक पुस्तक मागत नाही, पुस्तकांचे कपाटच मागते! परीक्षेत पास होण्यापुरते शिकवणाऱ्या शाळेत अशी मुलगी तयार होत नसते. वाचनाची गोडी लावणारी शिक्षिका समोर असावी लागते.

सावित्रीमाई स्वतः कवयित्री होत्या. १८५४ साली त्यांचा काव्यफुले हा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यात शिक्षणाचा, इंग्रजी शिकण्याचा आग्रह तर आहेच, पण पिवळ्या चाफ्यावरची, जाईच्या फुलावरचीही कविता आहे. अंगावर शेण झेलणारी ही बाई फुलाकडेही पाहत होती. अक्षर हे लढ्याचे हत्यार आहेच, पण ते आनंदाचेही आहे. गुलामीने आपल्या आया-आज्यांचा हा आनंदसुद्धा हिरावून घेतला होता, हे आपण विसरतो.

पुढे १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले गेले. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे धरले. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

महात्मा फुले यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले. त्यांचे अनुयायी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतात. याचा रास्त अभिमान आपल्याला आहे. पण त्या पिशवीत आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी किती पुस्तके असतात? बहुतेक वेळा तिच्या वाट्याला फक्त क्रमिक पुस्तके आणि गाईड येतात. मुलगी शिकून नोकरीला लागावी, ही आई-बापाची इच्छा चुकीची नाही. गरिबीतून बाहेर पडण्याचा तोच मार्ग आहे. परंतु केवळ मार्कांसाठी वाचणारी मुलगी परीक्षा संपताच पुस्तक मिटते. गोडीने वाचणारी मुलगी मात्र सासरी गेली, नोकरीला लागली, तरी वाचत राहते आणि प्रश्न विचारत राहते. मुक्ता साळवेने विचारला तसा.

यासाठी फार पैसा लागत नाही. विहारात एक कपाट ठेवावे आणि त्याची किल्ली मुलींच्याच हाती द्यावी. त्यात चरित्रांबरोबर गोष्टी, कविता, विज्ञान, प्रवास असे सारे असावे. घरात भावाप्रमाणे तिलाही रोज एक तास कामातून मोकळा द्यावा. ती काय वाचते यावर पहारा न ठेवता, काय वाचलेस ते मला सांग, असे आईने म्हणावे. आई निरक्षर असेल तर मुलीने तिला वाचून दाखवावे.

शिरवळच्या बाजारातून आणलेले पुस्तक एका बापाने फेकून दिले होते. आज आपल्यापैकी कोणताही बाप ते फेकणार नाही, पण आणून तरी देतो का? येत्या ३ जानेवारीला प्रतिमेला हार घालण्यापूर्वी आपल्या लेकीच्या हाती तिच्या आवडीचे एक पुस्तक द्या. सावित्रीमाईंना तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम! जय सावित्री!