दुसऱ्याच्या हाताचा हिशेब

अंध-बधिर माणसाला आपल्या हाताने चाचपून वाचता येईल असा यंत्राचा हात तयार करण्याचे प्रयत्न अमेरिकेत जवळजवळ अर्धशतक चालू आहेत. १९७७ च्या सुमारास टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे अशा हाताचा एक नमुना तयार झाला. १९८५ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘डेक्स्टर’ नावाचा हात बनविला. अलीकडे बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातून निघालेल्या ‘टेटम’ या उपक्रमात बोटे व मनगट हालवून खुणा करणारा यंत्रबाहू घडविला जात आहे. संगणकावरचा मजकूर यंत्राने हाताच्या खुणांत उतरवायचा आणि त्या हातावर आपला हात ठेवून अंध-बधिर व्यक्तीने तो समजून घ्यायचा, अशी ही कल्पना. अशा बातम्या वाचून आपल्याकडे कोणी विज्ञानाच्या चमत्काराने दिपून जातो, तर कोणी मायेच्या स्पर्शाची जागा पोलाद कसे घेणार म्हणून उसासा टाकतो. दुसऱ्याचा हात सतत लागण्याची वेळ या दोघांपैकी कोणावरच सहसा आलेली नसते. त्या हाताचे मोल ठरवायचे तर जिचे सबंध आयुष्य त्यावर चालले अशा व्यक्तीच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

हेलन केलर हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु आपल्या मनातली हेलन पंपाच्या धारेखाली हात धरून उभी असते आणि तेथेच थांबते. त्या वेळी ती सात वर्षांचीही नव्हती. पुढे ती आणखी एक्क्याऐंशी वर्षे जगली. ही एक्क्याऐंशी वर्षे कशी निभावली, कोणाच्या श्रमावर निभावली आणि त्या श्रमाचा मोबदला कोणी दिला, हा प्रश्न गोष्टीरूप चरित्रांतून सहसा येत नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला तो टाळता येत नाही.

२७ जून १८८० रोजी अलाबामा राज्यातील टस्कंबिया या लहान गावी हेलनचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या दुखण्यात तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेली. तरीही ती मुकी राहिली असे म्हणणे बरोबर नाही. स्वयंपाकिणीच्या मुलीशी खेळता खेळता तिने स्वतःच्या साठाच्या आसपास खुणा तयार केल्या होत्या. भाषेची भूक होती, खुणा करणारे हात होते. कमी होते ते उत्तर देणारे हात. १८८६ मध्ये तिच्या आईच्या वाचनात चार्ल्स डिकन्सच्या अमेरिकेतील प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीची हकीकत आली आणि त्या धाग्यावरून कुटुंब प्रथम एका नेत्रवैद्याकडे, मग टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्याकडे आणि त्याच्या सल्ल्याने बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे जाऊन पोहोचले. बेल हा मूळचा बधिरांचा शिक्षक. एका बधिर मुलाला शिकविताना त्याने मुळाक्षरे लिहिलेला हातमोजा वापरला होता. हातावर अक्षरे उतरविण्याची साधने यंत्रयुगाने आज शोधली असे नव्हे.

लॉरा ब्रिजमनचे येथे थोडे अधिक स्मरण केले पाहिजे. १८२९ मध्ये जन्मलेली ही बाई हेलनच्या आधी अर्धशतक बोटांच्या लिपीतून, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात सांगायचे तर करपल्लवीतून, भाषा शिकली. तिला पाहायला देशोदेशीचे लोक पर्किन्समध्ये येत. पुढे शिकविणाऱ्या बाई आपापल्या संसाराला लागल्या, संचालकांचा उत्साह ओसरला, आणि लॉराने उरलेले आयुष्य त्याच संस्थेच्या भिंतींआड शिवण-विणकाम करीत काढले. १८८९ मध्ये ती तेथेच वारली. लॉरा आणि हेलन यांच्या बुद्धीत काय अंतर होते हे ठरविणारे आपण कोण? एक अंतर मात्र स्पष्ट दिसते. हेलनच्या वाट्याला दिवसाचे सर्व तास आपल्यासाठी राखलेला एक हात आला. लॉराच्या वाट्याला तो काही वर्षांपुरताच आला.

तो हात अ‍ॅन सलिव्हनचा. आयर्लंडमधून आलेल्या दरिद्री कुटुंबातली ही मुलगी दहाव्या वर्षी धाकट्या भावासह ट्यूक्सबरीच्या सरकारी अनाथगृहात दाखल झाली. भाऊ तेथेच मेला. तिचे डोळे खुपऱ्यांनी अधू झालेले. पर्किन्समध्ये शिकत असताना तिने म्हाताऱ्या होत चाललेल्या लॉराशी बोलता यावे म्हणून करपल्लवी आत्मसात केली होती. ३ मार्च १८८७ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ती टस्कंबियाला आली ती दरमहा पंचवीस डॉलर आणि राहणे-जेवण या करारावर. महिन्याभरातच, ५ एप्रिलला, पंपाजवळचा तो प्रसंग घडला. पुढे हेलनच्या वडिलांची परिस्थिती ओढगस्तीची झाली आणि बाईंचा पगार थकला. बाई राहिल्या. ज्याला आपण त्याग म्हणून गौरवितो त्यात थकलेल्या वेतनाचा भाग किती असतो, हे आपल्याकडच्या विनाअनुदान शाळांतील शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्याच्या हातातून जग येते तेव्हा त्याबरोबर एक संशयही येतो. अकराव्या वर्षी हेलनने एक गोष्ट लिहून पर्किन्सच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. ती छापली गेली आणि मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या जुन्या कथेशी तिचे विलक्षण साम्य आढळले. ती कथा पूर्वी कधीतरी हेलनच्या हातावर वाचली गेली असावी आणि आठवणीत विरघळून गेली असावी. १८९२ मध्ये संस्थेच्या आठ जणांनी त्या मुलीची उलटतपासणी घेतली. सलिव्हनबाईंना खोलीबाहेर ठेवण्यात आले. मते चार विरुद्ध चार अशी पडली आणि संचालकांच्या मताने ती सुटली. ऐकलेले आणि सुचलेले यांतली सीमा आपणा सर्वांचीच पुसट असते; परंतु आपल्याला त्यासाठी कोणी चौकशी समितीपुढे उभे करीत नाही. यानंतर हेलनचे प्रत्येक वाक्य खरोखर कोणाचे, ही शंका तिच्या पाठीस कायमची लागली. म्हणून रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी सलिव्हनबाईंना दूर ठेवण्यात आले, प्रश्नपत्रिका परक्या माणसाकडून ब्रेलमध्ये उतरवून घेण्यात आल्या आणि बीजगणिताच्या अनोळखी ब्रेलचिन्हांशी झगडत तिने उत्तरे टंकयंत्रावर लिहिली. १९०४ मध्ये ती पदवीधर झाली. असे करणारी ती पहिली अंध-बधिर व्यक्ती. चार वर्षे वर्गातले प्रत्येक व्याख्यान आणि ब्रेलमध्ये नसलेले प्रत्येक पुस्तक सलिव्हनबाईंच्या अधू डोळ्यांतून हेलनच्या तळहातावर उतरले. शिक्षणाचा खर्च स्टँडर्ड ऑइलच्या हेन्री रॉजर्सने सोसला. डोळ्यांचा खर्च कोणी सोसला हे सांगायला नको.

केलरबाईंच्या जीवनातली विषमता येथे लक्षात घेतली पाहिजे. विचार बाहेर पाठविण्याचे साधन त्यांच्या मालकीचे होते. टंकयंत्र त्या सफाईने चालवीत. परंतु आपणच टंकलेला कागद त्यांना पुन्हा वाचता येत नसे. आवक सगळी उसनी. ब्रेलमधली पुस्तके सोडली तर वर्तमानपत्र, पत्र, दारावर आलेल्या माणसाचे बोलणे, शेजारच्या खोलीतला वाद, यातले काहीही कोणीतरी सांगायचे ठरविल्यावाचून त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षात गेल्या. कारखान्यांतील अपघात, दारिद्र्य आणि प्रतिबंध करता येण्याजोगे आजार यांतून अंधत्व कसे येते याचा शोध घेता घेता त्या तेथवर पोहोचल्या होत्या. तोवर त्यांच्या बुद्धीचे गोडवे गाणारी काही वृत्तपत्रे आता हे विचार त्यांना भरविले गेले आहेत असे म्हणू लागली. वस्तुतः सलिव्हनबाई समाजवादी नव्हत्या; स्त्रियांच्या मताधिकाराबद्दलही त्यांना फारशी आस्था नव्हती. केलरबाई मात्र जर्मन समाजवादी नियतकालिक ब्रेलमध्ये स्वतःच्या बोटांनी वाचीत. मध्यस्थाशिवाय पोहोचलेला मजकूरच अधिक खोल रुजला, याची नोंद टीकाकारांपैकी कोणी घेतली नाही.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेजी याने देऊ केलेले निवृत्तिवेतन त्यांनी प्रथम नाकारले. भांडवलशाहीविरुद्ध लिहिणाऱ्या बाईने ते घ्यावे कसे? परंतु १९१३ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना मेन राज्यातील बाथ या गावी एका हॉटेलात सलिव्हनबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. केलरबाई त्याच खोलीत. टेलिफोन करता येईना, दार उघडून कोणाला हाक मारावी तर बोलणे परक्याला कळण्याजोगे नाही. कशीबशी मदत मिळाली. त्यानंतर त्यांनी कार्नेजीला पत्र लिहिले आणि वर्षाला पाच हजार डॉलरची ती रक्कम स्वीकारली. तत्त्वनिष्ठेचा हा पराभव आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या खोलीतला प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पुढच्याच वर्षी पॉली थॉमसन ही स्कॉटिश तरुणी मदतनीस म्हणून रुजू झाली. दुसरा हात मिळाला, तसा दुसरा पगारही आला. १९२० ते १९२४ या काळात या मंडळींना करमणुकीच्या रंगमंचावर, कसरतपटू आणि विदूषकांच्या बरोबरीने, स्वतःचे प्रयोग करावे लागले ते हौसेने नव्हे. व्याख्यानांपेक्षा तेथे पैसे कितीतरी अधिक मिळत.

याहून जिव्हारी लागणारा प्रसंग १९१६ चा. सलिव्हनबाई आजारी, थॉमसनबाई त्यांच्याबरोबर गेलेल्या. त्या अवधीत पीटर फॅगन नावाचा तरुण चिटणीस म्हणून आला. तो करपल्लवी आणि ब्रेल शिकला आणि दोघांनी लग्नाचे ठरविले. केलरबाई छत्तीस वर्षांच्या होत्या. बोस्टनमध्ये विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज झाला, वार्ताहरांनी तो हुडकून छापला आणि आईच्या हाती वर्तमानपत्र पडले. फॅगनला घालवून देण्यात आले. केलरबाईंना अलाबामाला बहिणीकडे नेण्यात आले. आपल्याविषयी छापून आलेली बातमी घरातल्या साऱ्यांनी वाचलेली. ती स्वतःला कळावी यासाठी मात्र विरोध करणाऱ्यांचाच हात पुढे व्हायला हवा! फॅगनशी लग्न सुखाचे झाले असते की नाही, हा प्रश्न निराळा. प्रौढ माणसाला चूक करण्याचा अधिकार असतो आणि त्या अधिकाराला थोडी गुप्तता लागते. केलरबाईंचे सर्व शब्द कोणाच्या तरी हातातून जात असल्यामुळे ती त्यांना कधीच मिळाली नाही.

यंत्राच्या हाताचा विचार या ठिकाणापासून सुरू व्हावा असे मला वाटते. यंत्राला मत नसते, ते थकत नाही, ते आईला जाऊन सांगत नाही. रात्री दोन वाजता वर्तमानपत्र वाचावेसे वाटले किंवा एखाद्याचे खासगी पत्र एकटीनेच वाचायचे असले, तर तेथे यंत्राचा हात मायेच्या हाताहून सरस आहे. मात्र त्याच्या मर्यादाही डोळ्यांआड करून चालणार नाही. एकेक अक्षर बोटांनी घडविणे हे सावकाशीचे काम. स्पर्शाची खूणभाषा तर अक्षरांची बनलेली नाहीच. तिच्यात पूर्ण हाताची चाल, जोर आणि दिशा बोलतात. डोळस बधिर माणूस भुवईने विचारतो तो प्रश्न येथे हाताच्या दाबाने विचारावा लागतो. २००७ पासून सिअ‍ॅटलच्या अंध-बधिर मंडळींनी ‘प्रोटॅक्टाइल’ नावाची जी पद्धत विकसित केली, तीत ऐकणाराही बोलणाऱ्याच्या अंगावर हाताने हुंकार देत असतो. यंत्राचा आजचा भर सांगण्यावर आहे, हुंकारावर नाही.

पुन्हा प्रश्न पैशाचा येतोच. पूर्वीचे यांत्रिक हात घरोघर पोहोचले नाहीत, याचे एक कारण मला बाजाराच्या साध्या नियमात दिसते. घेणारे थोडे, विखुरलेले आणि बहुतांशी गरीब. मग नगाची किंमत उतरणार कशी? अशा वस्तूचा भार समाजाच्या तिजोरीनेच उचलावा लागतो. परंतु त्यात एक धोका आहे. एकदा यंत्र घेऊन दिले की दुभाष्याच्या वेतनाची तरतूद छाटण्याचा मोह अंदाजपत्रक करणाऱ्याला आवरत नाही. यंत्र आले ते केलरबाईंच्या खासगी पत्रासाठी. त्याचा उपयोग सलिव्हनबाईंचे पद रद्द करण्यासाठी झाला, तर समाज केलरबाईंकडून लॉरा ब्रिजमनकडे परत जाईल.

१९३६ मध्ये सलिव्हनबाई निवर्तल्या. अखेरच्या वर्षांत त्या स्वतः जवळजवळ आंधळ्या झाल्या होत्या. केलरबाई थॉमसनबाईंच्या हातावर पुढे चालत राहिल्या. १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आशियाचा सुमारे चाळीस हजार मैलांचा दौरा केला, भारतात आल्या आणि पंडित नेहरूंचा चेहरा बोटांनी पाहिला. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, घरात दोघीच असताना थॉमसनबाईंना मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला. घरात टेलिफोन होता. कोणीतरी येईपर्यंत सत्त्याहत्तर वर्षांच्या केलरबाई त्यांना धरून बसल्या. बाथच्या हॉटेलानंतर चव्वेचाळीस वर्षांत जगाने दूरचित्रवाणी आणि अणुबाँब निर्माण केला होता. त्या खोलीतल्या परिस्थितीत काही फरक पडला नव्हता. १९६० मध्ये थॉमसनबाई गेल्या. १ जून १९६८ रोजी केलरबाईंनी देह ठेवला.

त्यांच्या नावाची अंध-बधिर मुलांची संस्था मुंबईत १९७७ मध्ये निघाली. या प्रकारची ती देशातली पहिली शाळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंध-बधिरत्वाचा स्वतंत्र उल्लेख आला. परदेशी यंत्रहस्त उद्या आपल्याकडे आले तरी ते रोमन अक्षरे आणि अमेरिकन खुणा घेऊन येतील. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या, आपली जोडाक्षरे आणि आपल्या बधिर मंडळींच्या खुणा त्यांना शिकवाव्या लागतील, आणि हे काम ज्यांना त्या हाताने येतात अशा अंध-बधिर व्यक्तींना व त्यांच्या शिक्षकांना पगार देऊन करून घ्यावे लागेल. त्या पगाराची तरतूद यंत्राच्या किमतीआधी झाली पाहिजे.