मुंबईच्या तळ्यांत स्पंज शोधत बसणाऱ्या डॉक्टरला थेट रॉयल मेडल मिळालं होतं

तुळजापूरला गेलात की आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ हमखास दिसते. आता धाराशिव जिल्हा म्हणजे बालाघाटचे डोंगर, ज्वारी आणि पाचवीला पुजलेला दुष्काळ. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण ही कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच. दिवसा ती खडकांच्या कपारीत आणि प्रवाळाखाली दडून बसते, अंधार पडला की बाहेर येते. एकेकाळी मालदीवहून जहाजं भरून कवड्या भारतात यायच्या आणि बाजारात नाण्यांसारख्या चालायच्या. कवडीमोल हा शब्द त्याच काळाची आठवण आहे.

याच कपारींमध्ये कवडीच्या शेजारी आणखी एक जीव राहतो. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू नाही. तो जागचा हलतही नाही. काही जातींच्या कवड्या तर त्यालाच खाऊन जगतात. हा जीव म्हणजे स्पंज.

कवडीला देवीच्या माळेत जागा मिळाली, स्पंजकडे मात्र आपल्याकडे कोणी फारसं बघितलं नाही. ज्याने बघितलं तो होता मुंबईतला एक सरकारी डॉक्टर, हेन्री जॉन कार्टर.

इथे एक घोळ आधीच मिटवू. मेडिकलच्या पोरांना माहीत असलेल्या ग्रेज अॅनाटॉमी या पुस्तकातली चित्रं काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर वेगळे. तेही डॉक्टर, तेही मुंबईतच नोकरीला, त्यामुळे दोघांची सरमिसळ होते. आपले कार्टर त्यांच्यापेक्षा १८ वर्षांनी मोठे.

हेन्री जॉन कार्टर यांचा जन्म १८१३ चा. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात समुद्रकाठी बडली सॉल्टरटन नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वैद्यकीचं शिक्षण घेऊन १८४२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

थोड्याच दिवसांत त्यांची नेमणूक पॅलिन्युरस या जहाजावर झाली. हे जहाज अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचे नकाशे तयार करत होतं. डॉक्टरचं काम खलाशांना बरं करण्याचं. पण कार्टर किनाऱ्यावर उतरले की दगड, शिंपले, झाडं, माणसं सगळ्यांच्या नोंदी करायचे. तिथे त्यांनी लोबानाचं झाड नीट तपासलं, त्याचं वर्णन लिहिलं. पुढे १८७० मध्ये जॉर्ज बर्डवुड यांनी लोबानाच्या एका झाडाला बॉसवेलिया कार्टराय असं नाव दिलं, ते याच कार्टर यांच्यावरून.

सफर आटोपून ते मुंबईत परतले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं.

तेव्हाची मुंबई तळ्यांची होती. आज धोबी तलावाच्या नावात तलाव आहे, जागेवर नाही. तशी अनेक तळी पुढे बुजवली गेली. पण १८४० च्या दशकात या तळ्यांमध्ये पाणी होतं आणि पाण्यातल्या दगडांवर, काटक्यांवर स्पंज वाढत होते. हो, स्पंज बहुतांश समुद्रातले असले तरी त्यांचे काही भाऊबंद गोड्या पाण्यातही राहतात. कार्टर यांनी ते घरी आणले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय?

तर तेव्हा एक मोठा वाद चालू होता. स्पंज ही वनस्पती की प्राणी? दिसायला शेवाळासारखा, काही वेळा रंगानेही हिरवा, जागचा न हलणारा. साहजिकच अनेकांना ती वनस्पती वाटायची. रॉबर्ट ग्रँट या शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात स्पंज पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो हे दाखवलं होतं. तरी शंका संपल्या नव्हत्या, कारण आत नेमकं काय चालतं हे कळलं नव्हतं.

कार्टर यांनी एक साधी युक्ती केली. कोवळ्या स्पंजच्या पाण्यात रंगाचे बारीक कण सोडले आणि ते कुठे जातात ते बघत बसले. कण अंगावरच्या छिद्रांतून आत गेले आणि छोट्या कप्प्यांपर्यंत पोचले. तिथल्या पेशींनी ते गिळले. म्हणजे हा जीव खात होता. झाडासारखा उन्हावर जगत नव्हता.

मुंबईच्या तळ्यांतल्या पाच जातींचं वर्णन त्यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केलं. पण दुष्काळी भागातल्या माणसाला जवळची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे.

उन्हाळ्यात तळी आटायची. स्पंज वाळून मरायचा. पण मरताना तो खसखशीसारखे बारीक गोल दाणे मागे ठेवायचा. शास्त्रीय भाषेत त्यांना जेम्यूल म्हणतात. त्यावर टणक कवच असतं आणि आत जिवंत पेशी असतात. महिनोन्महिने कोरडे पडले तरी पाऊस आला की त्यातून नवा स्पंज उगवतो. शेतकरी बियाणं जपून ठेवतो, तसंच हे. कार्टर यांनी या दाण्यांचा अभ्यास मन लावून केला.

हे सगळं नोकरी सांभाळून चाललं होतं. त्याच काळात ते एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे सचिव होते. पश्चिम भारताच्या भूगर्भावरचे निरनिराळे लेख गोळा करून त्यांनी १८५७ मध्ये एक ग्रंथ संपादित केला. नळदुर्ग, परांड्याचे किल्ले ज्या काळ्या दगडावर उभे आहेत, त्या दख्खनच्या खडकाची चर्चाही त्यात आहे. १८५९ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं.

१८६२ मध्ये निवृत्त होऊन ते गावी परतले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एका स्पंजला त्यांचं नाव मिळालं. आज तो युनापियस कार्टराय म्हणून ओळखला जातो आणि भारतात गोड्या पाण्यात ठिकठिकाणी सापडतो.

निवृत्तीनंतर लोक आराम करतात, कार्टर यांनी दुसरी इनिंग सुरू केली. आता गोड्या पाण्याऐवजी समुद्र. गावच्या किनाऱ्यावरचे स्पंज झाले, मग जगभरातून नमुने येऊ लागले. मन्नारच्या आखातातून, ब्रह्मदेशाजवळच्या मर्गुई बेटांवरून, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरून. स्पंजच्या अंगात काचेच्या सुयांसारखे काटे असतात. त्यांचा आकार बघून जात ओळखायची ही पद्धत त्यांनी चिकाटीने वापरली आणि १८७५ मध्ये स्पंजच्या वर्गीकरणाचा आराखडा मांडला. त्याआधी १८७२ मध्येच त्यांना रॉयल मेडल मिळालं होतं.

सगळंच बरोबर ठरलं असं नाही. स्पंज म्हणजे अमिबासारख्या असंख्य स्वतंत्र जीवांची वसाहत, असं त्यांचं मत होतं. पुढे विज्ञानाने ते मान्य केलं नाही. स्पंज हा अनेक पेशींचा मिळून एकच प्राणी ठरला. पण त्या पेशी खातात कशा, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं खरंच निघालं.

१८९५ मध्ये जन्मगावीच त्यांचं निधन झालं.

आणि त्या बिनडोळ्याच्या, बिनमेंदूच्या जिवाचं पुढे काय झालं? विसाव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजमधल्या रसायनांवरून सायटाराबिन हे औषध तयार झालं. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात.

त्यामुळे पुढच्या वेळी मालवण-रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी खडकावर पिवळा-केशरी थर दिसला, किंवा गावच्या तलावात बुडालेल्या काटकीवर खरखरीत गोळा दिसला, तर शेवाळ समजून खरवडू नका. तो प्राणी असू शकतो. आणि त्याची किंमत कवडीमोल नाही.