अलेक्झांडर लुरिया

अलेक्झांडर रोमानोविच लुरिया (१६ जुलै १९०२ – १४ ऑगस्ट १९७७) हे सोव्हिएत संघातील मानसशास्त्रज्ञ व वैद्यक होते. मेंदूला इजा झाल्यावर बोलणे, वाचणे, लिहिणे, हिशेब करणे, ठरवून हालचाल करणे यांसारखी कार्ये कशी बिघडतात आणि ती कोणत्या मार्गाने पुन्हा उभी करता येतात, या प्रश्नाच्या अभ्यासात त्यांचे बहुतेक आयुष्य गेले. मज्जामानसशास्त्र, म्हणजेच न्यूरोसायकॉलॉजी, या विद्याशाखेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर केलेले काम हा त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार होय. तथापि त्या कामामागचा विचार युद्धापूर्वीच, आणि बराचसा रुग्णालयाबाहेर, आकाराला आलेला होता.

बालपण आणि शिक्षण

लुरिया यांचा जन्म व्होल्गा नदीकाठच्या काझान शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रोमान अल्बेर्तोविच हे पोटाच्या विकारांचे नामांकित वैद्यक, तर आई दंतवैद्य होत्या. मुलाने वैद्यकाचाच मार्ग धरावा अशी वडिलांची इच्छा होती. परंतु १९१७ च्या क्रांतीनंतर विद्यापीठांतील शिक्षणाची जुनी घडी मोडली होती आणि तरुणांचा ओढा समाजविषयक प्रश्नांकडे होता. लुरिया यांनी १९१८ मध्ये काझान विद्यापीठात सामाजिक शास्त्रांसाठी प्रवेश घेतला व १९२१ मध्ये पदवी मिळवली. वैद्यकाचा अभ्यास त्यांनी सुरू केला, अर्धवट सोडला आणि तो पूर्ण व्हायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. विशीतच त्यांनी काझानमध्ये मनोविश्लेषणाचे एक मंडळ स्थापन केले आणि सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहारही केला.

१९२३ मध्ये ते मॉस्कोच्या प्रायोगिक मानसशास्त्र संस्थेत रुजू झाले. तेथे त्यांनी मनातील भावनिक ताण हाताच्या हालचालींतून टिपण्याची एक पद्धत तयार केली. समोरच्या व्यक्तीला एकेक शब्द ऐकवायचा, त्यावर सुचेल तो पहिला शब्द तिने उच्चारायचा आणि त्याच क्षणी हाताने एक रबरी फुगा दाबायचा; शब्द मनाला झोंबणारा असेल तर हाताची हालचाल विस्कटते. गुन्ह्याचा संशय असलेल्या व्यक्तींवरही हे प्रयोग झाले, त्यामुळे खोटेपणा ओळखणाऱ्या यंत्राच्या इतिहासात या पद्धतीचा उल्लेख येतो. त्यावरील ग्रंथ १९३२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून निघाला. तो रशियन भाषेत यायला मात्र २००२ साल उजाडावे लागले.

व्हायगॉट्स्की यांचा सहवास

१९२४ च्या जानेवारीत एका अधिवेशनात लुरिया यांनी लेव्ह व्हायगॉट्स्की यांचे भाषण ऐकले. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आज सुपरिचित असलेले व्हायगॉट्स्की तेव्हा गोमेल या आडबाजूच्या शहरातील एक अप्रसिद्ध शिक्षक होते. त्यांना मॉस्कोच्या संस्थेत आणण्यासाठी लुरिया यांनीच खटपट केली. अलेक्सेई लिओन्तियेव्ह यांच्यासह या तिघांचा जो गट बनला, त्याचे म्हणणे असे होते की, स्मरण, लक्ष, विचार ही माणसाची उच्च मानसिक कार्ये केवळ मेंदूच्या पेशींतून आपोआप उगवत नाहीत. भाषा, खुणा, लेखन, अंक अशा समाजाने घडवलेल्या साधनांच्या आधाराने ती बांधली जातात. आठवण राहावी म्हणून पदराला गाठ मारणे हे अशा साधनाचे सर्वांत साधे उदाहरण होय.

याच काळात पार्किन्सनच्या रुग्णांवर केलेले काही प्रयोग लुरिया यांच्या पुढील कामाची नांदी ठरले. या आजारात सपाट जमिनीवर पाऊल टाकणे अशक्य झालेला माणूस जिना मात्र चढू शकतो. व्हायगॉट्स्की व लुरिया यांनी जमिनीवर ठराविक अंतराने कागदाचे तुकडे ठेवले, तेव्हा रुग्ण एकेक तुकडा ओलांडत खोली पार करू लागला. बोटाने सलग टकटक करणे ज्याला जमत नव्हते, त्याला ज्याचे उत्तर संख्येत आहे असा प्रश्न विचारून ते उत्तर टकटक करून द्यायला सांगितले, की ते त्याला काही प्रमाणात जमे. हालचालीची क्षमता संपलेली नव्हती. ती जिच्या आधारे चालते ती वाट बंद झाली होती आणि दुसरी वाट उघडता येत होती.

१९३१ व १९३२ मध्ये लुरिया यांनी उझबेकिस्तानात अभ्यासमोहिमा नेल्या. शाळेत गेलेले आणि न गेलेले शेतकरी वर्गीकरण व अनुमान कसे करतात हे त्यांना पाहायचे होते. निष्कर्षांवर राजकीय टीका झाली आणि ग्रंथ १९७४ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकला नाही. १९३४ मध्ये व्हायगॉट्स्की क्षयाने वारले. १९३६ मध्ये सरकारने बालकांच्या मानसिक चाचण्यांची चळवळ आदेश काढून मोडीत काढली आणि मानसशास्त्राच्या अनेक वाटा बंद झाल्या. या सुमारास लुरिया पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात परतले व १९३७ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. हा निर्णय वैज्ञानिक ओढीचा किती आणि सुरक्षिततेचा किती, हे वेगळे करणे कठीण आहे. दोन्ही कारणे खरी असावीत. त्यानंतर मॉस्कोतील बुर्देन्को मज्जाशल्यचिकित्सा संस्थेत त्यांनी वाचाघाताचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवण्याचा, अभ्यास आरंभला.

युद्धकाळातील रुग्णालय

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. लुरिया यांच्यावर मेंदूच्या जखमांसाठी पुनर्वसन रुग्णालय उभारण्याची जबाबदारी आली. दक्षिण उरल भागात चेल्याबिन्स्कजवळ किसेगाच येथे सुमारे ४०० खाटांचे एक आरोग्यधाम होते, त्याचेच त्यांनी रुग्णालय केले. शस्त्रक्रिया होऊन जीव वाचलेले, परंतु बोलता, वाचता किंवा हात हलवता न येणारे तरुण सैनिक तेथे येत. ब्ल्यूमा झायगार्निक यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञही तेथे कामाला होते.

त्या काळी या विषयात दोन टोकाची मते प्रचलित होती. एका मतानुसार प्रत्येक कार्याची मेंदूत एक ठराविक जागा असते, ती नष्ट झाली की कार्यही संपते. दुसऱ्या मतानुसार मेंदू एकसंध असून उरलेला भाग कोणतेही काम उचलू शकतो. लुरिया यांनी दोन्ही नाकारली. त्यांच्या मते लिहिण्यासारखे कार्य ही अनेक दुव्यांची एक साखळी असते आणि प्रत्येक दुवा मेंदूच्या वेगळ्या भागावर अवलंबून असतो. याला ते कार्यप्रणाली म्हणत. ते श्वसनाचे उदाहरण देत : श्वासपटल निकामी झाले तर बरगड्यांमधील स्नायू काम उचलतात, साध्य तेच राहते, साधन बदलते.

म्हणून उपचारापूर्वी नेमका कोणता दुवा तुटला आहे हे शोधणे त्यांना अत्यावश्यक वाटे. लिहिता न येणारे दोन सैनिक वरवर सारखे दिसतात. एकाच्या डाव्या कानशिलामागील भागाला इजा झालेली असते आणि त्याला ब व प, द व त या ध्वनींतील फरकच ऐकू येत नाही. दुसऱ्याला फरक ऐकू येतो, पण अक्षराचा आकार डोळ्यांपुढे उभा राहत नाही. पहिल्याला अक्षरे गिरवायला लावून काही साधत नाही. चिनी चित्रलिपीत लिहिणाऱ्याला ध्वनी वेगळे करावे लागत नसल्याने त्याचे लेखन अशा इजेत शाबूत राहू शकते, याकडेही लुरिया यांनी लक्ष वेधले.

प्रत्यक्ष उपचारांत त्यांनी इजेचे दोन प्रकार मानले. काही पेशी मेलेल्या नसतात, धक्क्याने केवळ गप्प झालेल्या असतात. त्यांना औषधांनी व योग्य प्रोत्साहनाने जागे करता येते. जेथे पेशी खरोखर नष्ट झाल्या आहेत, तेथे कार्याची नव्याने बांधणी करावी लागते. जीभ व ओठ कसे ठेवायचे हेच विसरलेल्या रुग्णाला आरशात पाहून ध्वनी शिकवला जाई. अक्षर डोळ्यांनी न ओळखणारा ते बोटाने गिरवून ओळखू लागे. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या ज्या रुग्णाला वाक्ये जुळवून गोष्ट सांगता येत नसे, त्याला मात्र, जरी, त्यानंतर, कारण अशा जोडशब्दांचा आधार दिला जाई आणि त्या पायऱ्यांवरून तो पुढे सरके. आरंभी हे सारे संथ, जाणीवपूर्वक आणि थकवणारे असे. सरावाने बाहेरचा आधार मनात मुरतो आणि क्रिया थोडीफार सहज होते, असे त्यांनी नोंदवले. उरलमधील दुसऱ्या एका रुग्णालयात लिओन्तियेव्ह व झापोरोझेत्स यांना असेच काही आढळले. जखमी हात वर करा म्हटल्यावर सैनिक तो जितका उचले, त्याहून अधिक उंच तो एखादी वस्तू घेण्यासाठी उचलत असे.

झासेत्स्की

१९४३ च्या मे महिन्याअखेर किसेगाचमध्ये आलेला झासेत्स्की हा लुरिया यांचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण. तंत्रविद्येचा हा विद्यार्थी २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्क भागात गोळी लागून जखमी झाला होता. गोळीने डाव्या अर्धगोलाचा मागचा-वरचा भाग उद्ध्वस्त केला होता. उजवीकडचे जग त्याला दिसत नसे, स्वतःच्या शरीराचे भागही कधी कधी सापडत नसत. शब्द कळत, पण त्यांतील नाते कळत नसे. वडिलांचा भाऊ आणि भावाचे वडील या दोन शब्दप्रयोगांत कोण काका आणि कोण वडील, हे त्याला कितीही प्रयत्नांनी उलगडत नसे.

त्याला लेखन परत मिळाले ते एका साध्या युक्तीने. एकेक अक्षर आठवत बसण्याऐवजी हात न उचलता संपूर्ण शब्द एका ओघात लिहायला त्याला सांगण्यात आले. हाताची जुनी सवय शाबूत होती आणि शब्द उमटला. वाचन मात्र तितके सुधारले नाही. आपण लिहिलेलेच तो मोठ्या कष्टाने वाचू शके. तरीही सुमारे २५ वर्षे तो रोज लिहीत राहिला आणि त्याच्या वह्या सुमारे ३,००० पानांपर्यंत गेल्या. कधी कधी दिवसभराच्या श्रमानंतर अर्धेच पान होई. त्याच्या मेंदूचा पुढचा भाग सुरक्षित असल्याने हेतू, चिकाटी आणि आपण काय गमावले याची जाणीव टिकून राहिली, असे लुरिया यांनी स्पष्ट केले. गमावलेली बुद्धी परत आली नाही; ती मिळवण्याची धडपड मात्र थांबली नाही. या वह्यांतील उतारे व स्वतःचे विवेचन एकत्र करून लुरिया यांनी १९७१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्याआधी, १९६८ मध्ये, अफाट स्मरणशक्तीच्या शेरेशेव्हस्की यांच्यावरील त्यांचे पुस्तक आले होते. आकडेवारीइतकेच एका माणसाचे संपूर्ण चित्र महत्त्वाचे मानणाऱ्या या लेखनपद्धतीचा प्रभाव चेतातज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी मान्य केला आहे.

युद्धोत्तर कारकीर्द

युद्धातील अनुभवावर आधारित दोन ग्रंथ लागोपाठ निघाले : इजाजन्य वाचाघातावरील १९४७ मध्ये आणि मेंदूच्या इजेनंतरच्या कार्यपुनर्स्थापनेवरील १९४८ मध्ये. इंग्रजी वाचकांपर्यंत ते अनुक्रमे १९७० व १९६३ मध्ये पोहोचले. डावखुऱ्या व्यक्ती, तसेच ज्यांच्या कुटुंबात डावखुरेपणा आहे अशा व्यक्ती, वाचाघातातून अधिक चांगल्या सावरतात हे निरीक्षण यांपैकी पहिल्यात आहे.

१९५० मध्ये पावलोव्ह यांच्या सिद्धान्ताला सरकारी मान्यतेचा दर्जा देणारे अधिवेशन झाले. त्याच काळात ज्यू विद्वानांविरुद्धची मोहीमही जोरात होती. लुरिया यांची बुर्देन्को संस्थेतील प्रयोगशाळा बंद झाली आणि त्यांना अपंग व मतिमंद बालकांच्या शिक्षणाशी संबंधित संस्थेत जावे लागले. तेथेही त्यांनी मुलांची वाणी त्यांच्या कृतीवर ताबा कशी मिळवते, या विषयाचे महत्त्वाचे संशोधन केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते मज्जाशल्यचिकित्सेच्या संस्थेत परतले. १९६२ मध्ये माणसाच्या मेंदूच्या उच्च कार्यांवरील त्यांचा मुख्य ग्रंथ आला. पुढील लेखनात त्यांनी मेंदूचे तीन कार्यगट मांडले : जागृती राखणारा, बाहेरची माहिती घेऊन साठवणारा, आणि कृतीची आखणी व तपासणी करणारा. १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सहयोगी म्हणून निवडले. हृदयविकाराने मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र १९७९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

टीका आणि प्रभाव

लुरिया यांच्या युद्धकालीन निष्कर्षांत तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. जखम आपोआप किती भरून आली आणि प्रशिक्षणाने किती फरक पडला, हे त्यातून नेमके ठरत नाही. त्यांचे बहुतेक रुग्ण गोळी किंवा बॉम्बच्या तुकड्यांनी जखमी झालेले धडधाकट तरुण होते, त्यामुळे पक्षाघात झालेल्या वृद्धांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. अर्थात आघाडीवरून आलेल्या जखमींपैकी काहींना उपचाराविना ठेवणे त्या परिस्थितीत कोणालाही मान्य झाले नसते.

त्यांच्या तपासणीपद्धतीवरून अमेरिकेत नेब्रास्का येथे गुणांकन असलेला एक चाचणीसंच तयार झाला. लुरिया स्वतः गुणांपेक्षा चुकीच्या स्वरूपाकडे पाहत, म्हणून त्यांच्या नावाने झालेल्या या संचावर बरीच टीका झाली. मूळचे ओडिशाचे मानसशास्त्रज्ञ जगन्नाथ प्रसाद दास यांनी कॅनडात सहकाऱ्यांसह मांडलेला बुद्धिमत्तेचा सिद्धान्त तीन कार्यगटांच्या कल्पनेवर उभा आहे. मूठ, हाताची कड आणि उघडा तळवा असे तीन आकार एकापाठोपाठ टेबलावर करायला सांगणारी लुरिया यांची छोटीशी चाचणी मेंदूच्या पुढच्या भागाची तपासणी करताना डॉक्टर आजही रुग्णाच्या खाटेशेजारी वापरतात.