बाबासाहेबांच्या लक्षात राहिलेले प्रवास

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपली लाखो माणसं दादरला उतरतात. गाडीतली दाटी, अनोळखी माणसानं सरकून दिलेली जागा, कुणीतरी पुढे केलेली भाकरी, शिवाजी पार्कवर हाती लागलेलं पुस्तक. घरी परतल्यावर आपण याच गोष्टी सांगतो, कारण त्या ठरवून घडलेल्या नसतात. ज्यांच्यासाठी आपण हा प्रवास करतो, त्या बाबासाहेबांच्याही लक्षात असे क्षण राहिले होते. फक्त ते सुखाचे नव्हते.

१९०१ साली भीमराव जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. वडील रामजी सुभेदार साताऱ्यापासून दूर, दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून मुलांना नवे सदरे आणि भरजरी टोप्या घेतल्या होत्या. हौसेनं मुलं मसूर स्टेशनात उतरली, पण न्यायला कुणीच आलं नव्हतं. पत्र पोचलं होतं, ते वडिलांना द्यायला नोकर विसरला होता. चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरला जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. गाडीवान शेजारून चालत राहिला. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळालं नाही. शिदोरी सोबत असूनही पाण्यावाचून मुलं उपाशी झोपली. नोकराच्या एका विसरण्यानं नऊ वर्षांच्या मुलाला उभ्या आयुष्याचा धडा दिला.

पुढे हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकला. १९१७ साली तो बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला, तेव्हा राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. विद्वान भीमराव कमाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

१९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग मात्र आपण वेगळ्या नजरेनं वाचला पाहिजे. धुळे मार्गावरच्या एका गावाहून परतताना बाबासाहेब तिथे उतरले. वस्तीतल्या लोकांचा आग्रह होता, एक रात्र तरी राहा. पण स्टेशनावर त्यांना बराच वेळ थांबावं लागलं. मग टांगा आला आणि वस्तीतलाच एक माणूस तो हाकू लागला. पुलावर चाक दगडांत अडकलं. घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. उशिराचं कारण नंतर कळलं. टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला होता. टांगा भाड्यानं देतो, हाकणार मात्र नाही, एवढ्यावर तडजोड झाली. आपल्या पाहुण्यानं पायी वस्तीत यावं, हे लोकांच्या मनाला पटेना. म्हणून सवय नसलेल्या माणसानं लगाम धरला. बॅरिस्टरपेक्षाही स्वतःला वरचा समजणारा टांगेवाला या प्रसंगात दिसतो, तशी पाहुण्याचा मान राखण्यासाठी धडपडणारी वस्तीही दिसते. बाबासाहेबांनी दोन्ही बाजू नोंदवल्या.

हे आणि असे प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहिले. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे नेमकं काय ते कळावं, हा हेतू होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं. व्याख्येनं जे कळलं नसतं, ते टांगा, सुरई, खोलीचं दार यांनी कळतं. पन्नास पानंसुद्धा नसलेलं हे लेखन आज कोलंबिया विद्यापीठात वाचलं जातं.

बाबासाहेबांचा अखेरचा प्रवास दिल्लीहून मुंबईचा. त्यांचं पार्थिव दादरच्या राजगृहात आणलं गेलं आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून माणसं येतच आहेत. प्रत्येक घरात एखादी आजी, एखादे आजोबा असतात. पहिल्यांदा दादरला कसे आलो, वाटेत पाणी कुणी दिलं, कुणी नाकारलं, हे त्यांना अजून आठवतं. सभांची आणि ठरावांची नोंद आपल्याकडे आहे, या प्रवासांची नाही. तरुण मित्रांनो, या डिसेंबरला निघण्यापूर्वी एक वही घ्या आणि घरातल्या थोरांसमोर बसा. साल, गाव, स्टेशन विचारा, आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहून ठेवा. बाबासाहेबांनीही आपल्या प्रवासांचं हेच केलं होतं.

जय भीम.